वहिनींचा हात

६ नोव्हेंबर, गुरुवार
नवा प्लेअर आला. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांची आता कीव येते. आमच्या वलवणच्या महिला भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग साउंडवाल्या तन्वीरने केलंय, इंदुरीच्या स्पर्धेला पाठवायला. सविता मंडळात आहे. फाइल प्लेअरवर घेतली. बारा बायकांत तिचा आवाज बरोबर ओळखणार. नवरा आहे मी.

७ नोव्हेंबर
ओळखला नाही. दोष प्लेअरचा नाही. इअरफोन शंभर तास वाजवल्याशिवाय मोकळे होत नाहीत, असं वाचलं. कपाटात गोधड्यांमध्ये वाजत ठेवलेत.

९ नोव्हेंबर, रविवार
दुकानात चिक्कीला गर्दी. तन्वीर आला. त्याचा प्लेअर जुनाट, चिकटपट्टी लावलेला. म्हणाला, भाऊ, रेकॉर्डिंग ऐकलं का, वहिनींचा हात लय गोड हाय. मी व्हय म्हणालो आणि शेंगदाणा मागणाऱ्याला काजूची चिक्की बांधून दिली. हात गोड? याने माझ्या बायकोच्या हातचं खाल्लं कधी?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
लक्ष ठेवलं. सविता तालमीला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत डबा, डब्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा. म्हणजे तिथे गरम पोळ्या होतात. साउंडवाल्याला पोळ्या, घरी मला कालचा भात. विचारणार नाही. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही.

सकाळपासून तन्वीरचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
ठरवलं. त्याला कानानेच हरवायचं. सविता मला आधी ऐकू आली पाहिजे.
इअरफोनची रबरी टोकं बदलली, मोठी लावली. डावा कान ठणकतोय, म्हणजे फिटिंग पक्कं बसलं.
इक्वलायझर उघडला. गाण्याखाली सारखं धुम्म-धुम्म चाललंय. त्यातच बिचारी बुडालीय. बास, म्हणजे खालचा जाड आवाज, निम्मा केला. बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
बास शून्य. सापडली! डावीकडून तिसरी, उंच पट्टी, किंचित नाकातून. तिला लगेच सांगितलं की आवाज ओळखला, तिसऱ्या अभंगात सूर जरा घसरलाय, पण एवढं चालतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. काहीतरी बोललीही, पण माझ्या कानात इअरफोन होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
मंडळाच्या प्रमुख कस्तुराबाई मावशी दुकानात आल्या. फाइल तन्वीर आज पाठवणार, म्हणाल्या. मी म्हटलं, त्याची फाइल गढूळ आहे, मी साफ करून पाठवतो. मावशी म्हणाल्या, तुमाला त्यातलं कळतंय न्हवं, मग पाठवा. लॅपटॉपवर तेच सेटिंग करून पाठवली. तन्वीरला मुद्दाम सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी कळेलच त्याला, कान कोणाचा तयार आहे ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
निकाल आला. मंडळ बाद. मावशींनी शेरा सगळ्यांसमोर वाचला: गायन उत्तम, पखवाजाची साथ नसल्याने विचार करता आला नाही.

तन्वीर म्हणाला, न्हाई कसा, मी तर पखवाजापुढं वेगळा माइक लावलता. मग सगळ्या सविताकडे बघायला लागल्या.

पखवाज सविता वाजवते. जुलैपासून. ती गातच नाही. डावीकडून तिसरी सरुबाई. आणि कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात, तेव्हा कुठे तो घुमतो, हे मला तन्वीरने समजावून सांगितलं. तेही अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून. त्याचा हा चांगुलपणा सहन होत नाही.

बाकी, जुलैपासून कोणी मला स्पष्ट सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. सविता म्हणते, चार वेळा सांगितलं.

२३ नोव्हेंबर
सविता कालपासून कामापुरतं बोलते. दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत बसलो. मूळ फाइल लावली, सेटिंग काहीही न करता. सगळी ऐकली. मग पुन्हा ऐकली. खरंच गोड हात आहे. तन्वीरला ते माझ्याआधी कळलं, हे अजून बोचतंय.

घरी जाऊन सविताला सांगितलं, फार छान वाजवतेस.
ती म्हणाली, मला कशाला सांगता? ते इंदुरीवाल्यांना ऐकवायचं होतं.