शेवटचा रकाना

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? माझं ठीक. नळ नीट बंद केला का, हे बघायला घरमालकीणबाई अजूनही माझ्या मागे येतात.

शेजारी देशांची परिषद यंदा आमच्या कार्यालयात भरते आहे. आपले काका, म्हणजे आमचे संचालक, गेल्या वर्षी कोणाची लोकसंख्या नैसर्गिकरीत्या किती वाढली, ते वाचून दाखवणार. हजार माणसांमागच्या जन्मांतून मृत्यू वजा केले की उरते ती वाढ. आपली सगळ्यांत कमी, म्हणून काका मिशीला पीळ देत हिंडताहेत. तक्ता मी करते आहे.

गेल्या वर्षी तुझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या जिन्यात काका भाऊजींना काय म्हणाले, ते मी ऐकलं होतं. बाळ सकाळभरच जगलं, जन्मात एक, मृत्यूत एक, वजाबाकी शून्य. नोंदीला कशाला धावता, मृत जन्मलं म्हणून लिहून टाका. देशभर त्यांनी हाच नियम लावला आहे: पहिल्याच दिवशी गेलेलं बाळ मृत जन्मलेलं धरायचं, म्हणजे ते ना जन्मांत, ना मृत्यूंत. त्यामुळे आपले बालमृत्यू कमी दिसतात. शेजारी मात्र एक श्वास घेतलेलं मूलही मोजतात.

परिषदेला शेजाऱ्यांचाच नियम मान्य आहे. या खेपेस मी तो पाळला. दवाखान्यांकडून त्या सगळ्या बाळांचे आकडे मागवले. जन्म वाढले, मृत्यू तितकेच वाढले. शेवटचा, वाढीचा रकाना जसाच्या तसा राहिला. काका तेवढाच बघून सही करतात.

भाऊजींना इतक्यात सांगू नकोस. लोभ आहे तेवढा पुरे. वाढला तर हरकत नाही.

तुझी धाकटी

९ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

वर्षभर तोंडात गुळणी धरून बसली होतीस होय? इथे मी दर रविवारी काकांना चहा देते आणि दर रविवारी तो त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटतो. हसून साखर विचारते, झालं.

त्यांनीच तुला चिकटवलं हे ते चारचौघांत ऐकवतील. नोकरीवर गदा येईल, एवढीच धास्ती. तरी कर. मध्येच दया येऊ देऊ नकोस. आणि त्या तक्त्यात माझी लेक कुठे आहे, ते मला लिही.

जेवत जा. माया आहेच, ती काही मोजायला बसू नकोस.

ताई

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

सही झाली. काकांनी शेवटचा रकाना खड्या आवाजात वाचला, टाळ्याही घेतल्या. मग शेजारच्या देशाच्या बाईंनी आधीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तान्ह्यांचे मृत्यू तुमचे सगळ्यांत जास्त, आजवर सगळ्यांत कमी असायचे. मग ही बाळं इतकी वर्षं होती कुठे, असं त्यांनी विचारलं. काकांनी चष्मा पुसत मला उठवलं. मी जुना नियम सांगितला. तो कोणाच्या सहीने लागू झाला, तेही.

बाहेर आल्यावर दातओठ खात म्हणाले, की घरच्या माणसाला असं उघडं पाडतात का. मी म्हटलं, की लपवलेल्यांतही एक घरचीच होती.

माझी बदली तळघरात झाली आहे. थंड आहे, मला चालतं.

ती जन्मांत एकदा आहे, मृत्यूंत एकदा. पण हा झाला नुसता आकडा. परिषदेनंतर तो नियम रद्द झाला, त्यामुळे आता अशा बाळांची रीतसर नोंदही होते. त्याला बाळाचं नाव लागतं आणि संचालकांची सही. या प्रकरणापायी काकांना महिनाअखेर खुर्ची सोडायची आहे, तेव्हा नाव लवकर कळव. सही मला त्यांचीच हवी आहे.

तुझी धाकटी