अरुंद काठाची राखाडी हॅट

आबा,

आज सकाळी जळगावच्या मेहरूणहून एक बाई आली, म्हणून हे लिहिते आहे. देवपूरच्या त्या प्राध्यापकांची ती मुलगी. तिची आई आता अंथरुणावरून उठत नाही, तिला दिसत नाही, आणि चार दिवस एकच धरून बसली आहे: त्यांची हॅट आणा, धुळ्याला टोपीवाल्याकडे राहिली. मुलगी म्हणाली, "मावशी, डॉक्टर आता दिवस बोलत नाहीत, तास बोलतात. मला दोनची गाडी पकडू द्या."

दुकान गेलं, हॅट बसवायची लाकडी कालबूतं चुलीत गेली, पण तुमची पत्र्याची पेटी माळ्यावर राहिली. ती काढली. आत तीन राखाडी हॅट. एक रुंद काठाची, तुमच्या तरुणपणातली. दोन अरुंद काठाच्या, पुढच्या काळातल्या, आणि त्या दोन्हींत कपाळाला लागणारा पट्टा रेक्झिनचा. चामड्याचा पट्टा फक्त रुंद काठाचीला. मुलीनं तो उलटला. मागे जांभळ्या पेन्सिलीनं, तुमच्या अक्षरात, तिच्या वडिलांची आद्याक्षरं. "हीच," ती म्हणाली. "आई जन्मभर म्हणत आली, टोपीवाल्यानं हॅट बदलली. उगाच बोलायची." मी गप्प बसले, ती हॅट तिला देऊन टाकली. तेव्हाही अशीच बसले होते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुकानातल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं अशी माझी खात्री होती. दिवाळीसाठी काचेचं कपाट मांडताना रुंद काठाची हॅट पुढे ठेवायची ठरवली, तर तिचा पट्टा कुजलेला. दुरुस्तीच्या फळीवर एक साधी अरुंद हॅट पडली होती, आत उत्तम चामडं. ते उसवून मी रुंद काठाचीला शिवलं, साधीला खणातलं रेक्झिन लावलं. मागची अक्षरं पाहिलीच नाहीत. तुम्हाला विचारलं नाही.

दोन दिवसांनी प्राध्यापक आले. हॅट उलटी करून म्हणाले, "ही माझी नाही. माझीला चामडं होतं." तुम्ही ती हातात घेता, डोळे मिटून वरच्या ओठावरून फिरवता. "सर, फेल्ट तुमचंच आहे. सशाच्या केसाचं, लोकरीचं नाही. ओठ लावून बघा." ते हसतात. "टोपीवाले, पट्टा मला डोळ्यांनी दिसतोय, ओठ कशाला लावू?" हॅट फळीवर टाकून ते गेले ते परत आले नाहीत. तुम्ही दुरुस्तीची फळी पुन्हा पुन्हा उचकलीत. विक्रीच्या हॅटचा पट्टा उलटून पाहायचं तुम्हाला सुचलं नाही, आणि मी आतल्या दाराशी उभी होते. त्यानंतर दुरुस्तीचं काम तुम्ही घेतलं नाहीत.

वाफेवर काम करून बोटं मरतात, ओठ मरत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मला जवळ बसवून शिकवायला बघायचात. "काठ बदलता येस, पट्टा बदलता येस. फेल्ट नही बदलस. देख ना माय." मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायचे, "आबा, लोकांसमोर टोप्यांच्या पाप्या घेत जाऊ नका." तुम्ही हसायचात. नंतर मी समोर असले की तुम्ही ओठ लावत नव्हता.

आज ती गेल्यावर मी उरलेल्या दोन हॅट मांडीवर घेऊन बसले. साखरेनं माझी बोटं बधिर झाली आहेत, त्यांना फेल्ट आणि पोतं सारखंच. शेवटी ओठ लावला. पहिली टोचली. जाड, खरखरीत, लोकरीच्या मालाचे दिवस आल्यावरची. दुसरीवर ओठ सरकत गेला. दाट, थंड, कुठे एक केस आडवा नाही. आत रेक्झिन, आणि त्यावर माझे वाकडे टाके. तिला दिसत नाही, आबा. ती हातानं चाचपणार, आणि शेवटच्या घडीला तिच्या हातात परक्या माणसाचा रुंद काठ येणार.

ती हॅट पिशवीत घातली आणि रिक्षा करून स्टँडवर गेले. जळगाव गाडी लागलेली होती. मुलीला खाली बोलावलं आणि सांगितलं.

"मघाशी का नाही बोललात?"

मी पिशवीतून अरुंद काठाची काढून तिच्या हातात दिली.

"तुमच्या वडिलांना आम्ही घरात चोर म्हणायचो, मावशी. तेव्हा तुम्ही होतात तिथे?"

"होते."

तिनं रुंद काठाची हॅट पुढे केली. केसातल्या आकड्यानं मी चामड्याचा पट्टा उसवला. टाके कच्चेच होते, लगेच सुटले. कंडक्टर म्हणाला, "अक्का, शिवणकाम घरी करा, गाडी सुटते."

आता संध्याकाळ झाली. तिचा फोन आला नाही. मी करायला धजत नाही.

एक विचारायचं राहिलं. कपाटातली विक्रीची हॅट तुम्ही त्यांच्या हॅटबरोबर एकाच पेटीत का ठेवलीत? नंतर कधी पट्टा उलटला होतात का? नळ उघडा राहिला तरी मला दिवसभर बोलणारे तुम्ही. हे कळलं असतं तर बोलला असतात. बोलायला हवं होतं.

हा कागद पेटीतच ठेवते. तुमची सवय होती, म्हणून नोंद करते.

दिले: अरुंद काठाची राखाडी हॅट, सशाच्या केसाचं फेल्ट, एक. आत रेक्झिनचा पट्टा, तो त्या हॅटचा मूळचा नव्हे. चामड्याचा पट्टा, सुटा, एक, मागे अक्षरं. घेणार, प्राध्यापकांची मुलगी. पट्टे मी बदलले हे तोंडी सांगितलं. तिनं आईला वाचून दाखवायला लिहून मागितलं होतं. कंडक्टर गाडी सुटते म्हणाला, आणि मी लिहून दिलं नाही.