टाकीवरचं 'शारदा'

सोमवार, दुकान बंद केल्यावर

ताईला माहेरी आणून सोडलेले दाजी आज सकाळी मोटारसायकलची पेट्रोलची टाकी घेऊन माझ्याच पेंटिंगच्या दुकानात आले! टाकीवरचं 'शारदा' घालवून नव्या बायकोचं नाव काढायचंय म्हणे. ताईचं नाव लग्नात मीच काढलं होतं. दाजी म्हणतात, "तुझ्यासारखं अक्षर अख्ख्या कवठ्यात न्हाई, गड्या." लाज? कसली लाज. सोबत नवी बायको, पोरगीच. "दादा, माझं नाव जरा मोठं काढा. गाडी रोज मीच पुसती."

ती दोघं गेल्यावर पॉलिश पेपर मारला, पण ताईच्या अक्षरांच्या कडा ठेवल्या. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करायला हवं होतं. नाही केलं. सरळ प्रायमर, वर काळा रंग. त्यावर, जरा खालच्या अंगाला, पोरीचं नाव, लाल, मोठं.

संध्याकाळी दोघं टाकी घेऊन खुशीत गेली. ओल्या रंगात काही दिसत नाही. रंग बसला की कडा वर येणार, तिरप्या उन्हात 'शारदा' सरळ वाचता येणार. दाजींचं लक्षही जाणार नाही. सकाळी फडकं मारताना तिलाच दिसेल.

तिची काय चूक? काही नाही.

ताईची तरी काय होती? तीही रोज गाडी पुसायची.

दिसू दे.