अर्ध्या केसांची भिंगरी

३ मे

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावली आहेस, ते रास्तच आहे. पण मी फोन उचलला की भिंगरी माझ्या कोपरापाशी येऊन उभी राहते, आणि तिच्याविषयी तिच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून हा कागद.

शाळेत बाईंनी बोलावलं होतं. मुलगी हुशार आहे, पण हाक मारली तर बघत नाही, जागेवर टिकत नाही, मध्येच रडून गोंधळ घालते आणि आठ वर्षांची झाली तरी वर्गात एकही मैत्रीण नाही. ही अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी असेल, नाहीतर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असेल, नीट तपासून घ्या म्हणाल्या. बाई मनाच्या चांगल्या आहेत. जूनपासून तिच्या मदतीला वर्गात एक शिक्षिका देणार आहेत, पण मदत कशासाठी करायची ते आधी कळायला हवं. एकीला जे मानवतं ते दुसरीला जाचतं. निदान चुकलं तर मदतच पोरीच्या मुळावर यायची, हाच मला घोर लागलाय.

डॉक्टर बाईंनी तिला दोनदा बघितलं, अजून बघणार आहेत. त्या म्हणाल्या की वरवर दोन्हीचं सारखंच दिसतं. ती काय करते हे सगळेच सांगतात, का करते ते बघा. आधी काय घडलं आणि कशाने शांत झाली, ते मला सांगा. आमच्या घरात मात्र निदानं तयार आहेत. सासूबाई म्हणतात लाड. हे म्हणतात की मीही लहानपणी असाच होतो. त्यावर सासूबाई म्हणाल्या की म्हणून तर काळजी वाटते. मला विचारशील तर ही चंचलताच.

सुट्टीत तिला तुझ्याकडे पाठवते. नीट बघ तिला. आणि जमलं तर केस काप. वर्षभर कात्री लागलेली नाही. मागच्या खेपेला इथल्या पार्लरमधल्या मुलीला ती चावली, तेव्हापासून आम्ही त्या गल्लीतून जात नाही.

माझीच मुलगी मला कळत नाही, हे लिहिताना लाज वाटते. पण तुला नाही तर कुणाला लिहू?

लोभ तू करतेसच. या खेपेला त्यातला थोडा भिंगरीकडे वळव.

तुझी
धाकटी


११ मे

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा ऐवज सुखरूप पोचला. आल्या आल्या तिने माझे केसांचे रोलर रंगाप्रमाणे ओळीत लावायला घेतले. मी म्हटलं, वा, कामाची पोर आहे. तेवढ्यात खिडकीशी कबूतर आलं, आणि रोलर तसेच टाकून बाईसाहेब गच्चीवर. मग मी त्या ओळीतला एक रोलर गिऱ्हाइकाला लावला, तर खाली येऊन असं काही रडली की गिऱ्हाईकच घाबरून तो परत द्यायला लागलं.

आता केसांचं. इतकी वर्षं मी पोरांचे केस कापतेय. खुर्चीत बसलेलं पोर मी दोन मिनिटांत ओळखते, अशी माझी ख्याती आहे (ती मीच पसरवली आहे). चुळबुळ्या पोरांसाठी माझं सोंग ठरलेलं: गाणी लावायची, आरशाला खेळणी लटकवायची, तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा आणि पोर तिकडे रमलं की कात्री चालवायची. तू चंचल लिहिलंस म्हणून मी सगळा तमाशा मांडला. भिंगरीने कान दाबले, खुर्चीतून घसरली आणि बेसिनखाली जाऊन डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. तर मी आणखी जोरात गायला लागले. माझ्या अकलेचे दिवे बघ.

शेवटी शेजारच्या खुर्चीवरचा ड्रायर बंद केला, गाणं बंद केलं, खेळणी काढली आणि मी गप्प बसले. हळूहळू टॉवेल हलला. बाहेर येऊन तिने मला शांतपणे सांगितलं की ड्रायरचा आवाज तिच्या दातांत दुखतो. इतके दिवस हट्ट म्हणून आपण जे हसण्यावारी नेलं, ते पोरीला दुखत होतं गं.

तेव्हा तुझं निदान केराच्या टोपलीत टाक. ही स्वमग्नता, दुसरं काही नाही. डॉक्टर बाईंना माझा निरोप सांग.

धाकटी असूनही शहाणी आहेस, तशीच राहा. लोभात काही कमी पडू देणार नाही.

तुझी
ताई


१५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दातांत दुखतो हे वाचून मी आमच्या चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. मग चष्म्याच्या काचा पुसल्या, माझ्याही आणि गिऱ्हाइकांच्याही.

पण ताई, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं करू नकोस. दात घासायला गेलेली ही मुलगी ब्रश तोंडात धरून जिन्यात सापडते. एक बूट घालते आणि दुसरा घालायचा राहून जातो. मी ओरडले की खरंच चकित होऊन पायाकडे बघते. तेव्हा ना आवाज असतो, ना कुणी रांग मोडलेली असते. हे कशात बसवशील?

आमच्याकडे नजर तपासताना एका वेळी एकच काच बदलतात. दोन बदलल्या तर नेमकं कशाने नीट दिसलं, ते कुणालाच सांगता येत नाही. तू गाणं, ड्रायर, खेळणी आणि स्वतःचं तोंड सगळं एकदम बंद केलंस. आता एकेक करून बघ. तोंड बंद ठेवणं तुला सगळ्यात जड जाईल, ते शेवटी ठेव.

तुझ्या रागाची सवय आहे, लोभाचीही आहे. दोन्ही येऊ दे.

तुझी
धाकटी


२१ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी बसून घे.

तू म्हणालीस तसं एकेक केलं. गाणं तिला चालतं, ओळखीचं असेल तर. माझी बडबडही चालते, म्हणजे बघ, चूक तुझी होती. ड्रायर मुळीच नको. मानेभोवतीचं कापड नको. आणि कात्री लावण्याआधी दर वेळी सांगायचं. मी तिला सगळा क्रम सांगितला: आधी केस धुणार, मग उजवीकडून कापणार, मग डावीकडून, मग झाडून घेणार, की झालं. आणि धाकटे, ती बसली. आता कापते म्हटलं की डोळे मिटायची, कापलं की उघडायची. उजवी बाजू इतकी सुरेख उतरली की मला स्वतःच्याच हातांचे मुके घ्यावेसे वाटले.

तेवढ्यात पंखा दुरुस्त करायला वायरमन शिडी घेऊन आला.

मी वळून कात्री पुसते तोवर खुर्ची रिकामी. भिंगरी शिडीचा पाय धरून उभी, आणि त्या माणसाला पंख्याच्या पोटात काय असतं ते विचारतेय. त्याचं काम झालं तशी त्याच्यामागे शेजारच्या शिंप्याकडे गेली, आणि परत आली ती हातात कुणाची तरी छत्री घेऊन. घाबरली नव्हती, रुसली नव्हती. केस कापायचे राहिलेत हे ती साफ विसरली होती. आरशात बघून तीच दचकली.

चल बस म्हटलं, तर नाही. का, तर मधल्या वेळात मी सवयीने खालचे केस झाडून टाकले होते. झाडून झालं की संपलं, असं मीच सांगितलं होतं. विनवण्या केल्या, तिच्यासमोर जमिनीवर पुन्हा केर टाकून पाहिला. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच ओशाळले.

तेव्हा मुलगी उद्या पाठवतेय, उजवीकडे कानाइतके आणि डावीकडे खांद्याच्या खाली. केस अर्धेच कापले गेले, नाक मात्र माझं पुरतं कापलं गेलं. उजव्या बाजूला माझं निदान खरं वाटतं, डाव्या बाजूला तुझं, आणि आता मला काहीच कळत नाही. पण एवढं कळलं की पोरीसोबतचे हे दिवस फार मजेत गेले. ती गेल्यावर दुकान नुसतं स्वच्छ राहील.

डॉक्टर बाईंना माझं नाव सांगू नकोस. लोभ आहे तो केसांवर अवलंबून नाही, असं समजते.

तुझी
ताई


२६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता तू बस, आणि पाणी जवळ ठेव. सगळं चांगलंच आहे.

त्या डोक्याने डॉक्टर बाईंकडे जायचं म्हणून मी टोपी घेतली होती. भिंगरीने ती पायरीवरच काढून सासूबाईंच्या पिशवीत टाकली. शेवटच्या भेटीपर्यंत त्यांनी शाळेचे अहवाल वाचले होते, तिच्याकडून कोडी सोडवून घेतली होती, आपली पत्रंही माझ्याकडून ऐकली होती. या दिवशी त्यांनी आम्हाला काही विचारलंच नाही. भिंगरीला विचारलं की केस असे कसे.

भिंगरीने सांगितलं की उजवी बाजू कापली, कारण मावशी आधी सांगून कापायची, मानेला कापड नव्हतं आणि दातांत दुखणारं मशीन बंद होतं. डावी राहिली, कारण शिडी आली. शिडी आली की माझं डोकं मला न विचारता तिकडे जातं. ते परत आलं तोवर झाडून झालं होतं, आणि झाडून झाल्यावर कापायचं नसतं.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मनापासून हसल्या. म्हणाल्या की मी इतक्या भेटींत जे जुळवत आणलं, ते हिने एका दमात सांगितलं. आपण दोघी वाद घालत बसलो, नवऱ्याला, सासूला, शाळेतल्या बाईंना विचारून झालं, आणि जिचं डोकं आहे तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

ताई, दोन्ही आहे. पैज लावली असतीस तर दोघी जिंकलो असतो. पुष्कळ मुलांत दोन्ही एकत्र असतं म्हणे, आणि एक दुसऱ्याला झाकतं, म्हणून ओळखायला वेळ लागतो. एक तिला नव्या गोष्टीकडे ओढतं, दुसरं ठरल्या क्रमाला धरून ठेवतं, आणि या ओढाताणीत पोर दमते, मग रडते. लाड नाहीत, हट्ट नाही, माझी चूक नाही. हे ऐकताना माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी रडले, पण सुखाने.

परतताना हे हळूच म्हणाले की शिडी आली की माझंही डोकं असंच जातं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी पुढे निघून गेले, मायलेकांना तेवढं एकटं असू दिलं.

शाळेतल्या नव्या शिक्षिकेला सगळं सांगितलं आहे. बदल असेल तर आधी कळवायचं, काम लहान लहान द्यायचं, मध्ये उठून फिरू द्यायचं, आणि गोंगाट वाढला तर बसायला पुस्तकांच्या खोलीतला कोपरा. आणि ऐक, पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका मुलीने तिला विचारलं की अशी फॅशन कुठे करून मिळते. भिंगरीने तिला सगळं सांगितलं, शिडीसकट. दोघी आता एका बाकावर बसतात.

उरलेले केस मी कापू का म्हटलं तर नाही म्हणाली. खाली तिने स्वतः लिहिलं आहे, मी हात लावलेला नाही.

लोभ असाच ठेव, दोन्ही बाजूंनी.

तुझी
धाकटी

मावशी, डावी बाजू तूच काप. मी सुट्टीत येते. आधी सांगून काप. मध्येच झाडू नकोस. त्या दिवशी शिडीवाले काका येणार असतील तर मला आधी कळव, म्हणजे आधी शिडी धरीन आणि मग केस कापू. माझी मैत्रीणपण येणार आहे. तिला तुझा ड्रायर चालतो, पण मी असताना लावू नकोस. — भिंगरी