रानात घेऊ नये ते नाव

सोनाळा,
१९ जानेवारी १९४५

ती. सौ. विमलअक्कास,

शालूचा शिरसाष्टांग नमस्कार. रजेवर सुखरूप पोचलो. आई बरी आहे, बाबांचा खोकला तसाच. तू पाठवलेले तिळाचे लाडू मी एकट्यानेच संपवले, भाच्यांना सांगू नकोस. हे पत्र मोताळ्याला येणाऱ्या रंगरावांच्या हाती देतो आहे. लष्करातले लोक माझं टपाल उघडून बघतात.

तुला भेटायला येईन म्हणालो होतो, पण घराबाहेर पाऊल टाकवत नाही. वाटेत फुलकाय भेटेल याची भीती वाटते. हसशील. जपान्यांसमोर बसून आलेला शिपाई, आणि आपल्या शेतात निंदायला येणाऱ्या म्हातारीला भितो!

बाजाराच्या दिवशी ती दारात आलीच. माझ्याबरोबर भरती झालेल्या तिच्या साबूलालचं विचारलं, तिच्या कोरकू बोलीत. मी म्हणालो, "बरा आहे." मराठीत. ती बघतच राहिली. "काऊन रे शालू, मराठीत बोलून राह्यला? माही बोली इसरला काय?" मी गोठ्यात जाऊन बसलो.

लहानपणी आपण दोघं तिच्या मागे मागे फिरून ती बोली शिकलो. बाबा म्हणायचे, ही बोली उंबऱ्याच्या आत आणायची नाही. पलटणीत तिचंच सोनं झालं. आमच्या टेलिफोनच्या तारेला शत्रू कान लावायचा, आणि त्याच्याकडे हिंदुस्थानी समजणारी माणसं होती. साबू पुढच्या चौकीवर, मी मागे तोफांपाशी. कंटाळा आला की कोरकूत गप्पा मारायचो. एकदा साहेबाने पकडलं. वाटलं, आता मेलो. तर त्याने हुकूमच काढला, सगळे निरोप याच बोलीत द्यायचे.

रणगाड्याला कोरकूत शब्द कुठला? मी म्हणालो, 'कुला' म्हणू, म्हणजे वाघ. साबू बिथरला. "रानात त्याचं नाव घेत नसतेत बे. घेतलं का येते तो." मी हसलो. साहेबाला शब्द आवडला, तोच पक्का झाला.

त्या सकाळी तारेवर आधी नुसता साबूचा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, कुला. आणि पुन्हा, कुला, कुला. आमच्या तोफा वेळेवर सुटल्या, पलटण वाचली. साबूकडून मात्र पुढे काही आलं नाही. मी हाका मारत राहिलो.

साबू गेला, अक्का. लिहिलं एकदाचं.

पाड्यावर सरकारी तार आली तरी वाचणार कोण, म्हणून फुलकायला सांगायचं काम साहेबाने माझ्यावर टाकलं आहे. आणि ही रजा काही मायेने दिलेली नाही. "तुमची बोली बंदुकीपेक्षा भारी आहे, गावाहून दुसरा माणूस घेऊन ये," असा हुकूम आहे. साबूचा धाकटा भाऊ मुंगीलाल बोचकं बांधूनच बसला आहे. त्याच्या बायकोला दिवस गेलेत. मला म्हणतो, "मले ने भाऊ, मी दादापाशी रायतो."

उद्या पाड्यावर जातो. फुलकायला तिच्याच बोलीत सांगीन. मराठीत सांगितलं तर कुणी परक्याने येऊन सांगितल्यासारखं होईल. मुंगीलालला मी नेणार नाही. साहेबाला सांगणार, बोलणारी म्हातारी माणसं होती ती गेली, आमच्या मुलखात आता ही बोली कुणाला येत नाही. खोटं उघडं पडलं तर माझं काय करतील, कुणास ठाऊक.

चौकशी करत कुणी तुझ्या दारापर्यंत आलं, तर तूही म्हण, "मले नाही येत." आपल्याला झोपवताना फुलकाय जे कोरकू गाणं गायची, ते तू अजून पोरांना निजवताना गातेस, मला ठाऊक आहे. काही दिवस ते गाऊ नकोस.

वाचून झालं की हे चुलीत घाल.

आता ज्याच्याशी तारेवर बोलायला कुणी उरलं नाही, तो तुझा भाऊ,
शालिग्राम