काच चिकटेपर्यंत

प्रिय बाबा,

आईशी भांडून तुम्ही गॅरेजात अर्धवट टाकून गेलात, त्या विमानाच्या सीटवरच्या झाकणाची काच आज बसवली. "त्यांना कळवलंस तर बघ," असं आईने बजावलंय, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

काच चिकटवताना चौकट मधोमध खाली झुकत होती. आत बसून कुणीतरी ती वर रेटून धरायला हवी होती. "या सवतीत मी पाऊल ठेवणार नाही," असं म्हणत म्हणतच आई आत चढली. मी गोंद लावला, बाहेरून पट्टे करकचून आवळले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोंद वाळेपर्यंत झाकण उघडता येणार नव्हतं, आणि आई आत!

"शाबास! अगदी बापावर गेलीस," आतून आवाज आला.

पट्टे सोडते म्हटलं तर ओरडली, "खबरदार! पुन्हा सगळं घासत बसशील."

मीटर बसवायच्या रिकाम्या भोकातून मी तिला चहा दिला. संध्याकाळपर्यंत ती बसून होती. आधी तुमचा यथेच्छ उद्धार केला, मग सीट चाचपू लागली.

घरातल्या एकाही खुर्चीवर बसून तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

"ही सीट कुणाच्या मापाची गं?" तिने हळूच विचारलं.

गोंद वाळला होता; मी पट्टे सोडले.

झाकण उघडल्यावर मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. "थांब जरा," म्हणाली, आणि दोन्ही पाय नीट टेकवून तशीच बसून राहिली.

तुमची,
धाकटी