हे पोलंडला शिकारीला गेले

बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

आज हे बिस्मार्कप्लाट्झच्या चौकातून चालत घरी आले. भिजून. कुठली ट्राम घ्यायची तेच आठवेना म्हणे. हायडेलबर्गमध्ये इतकी वर्षं काढली, ट्राम तीच! हसत सांगितलं, मीही हसले. मग भाजी चिरायला घेतली.

आणि पुढच्या आठवड्यात हे बंदूक घेऊन पोलंडला जाणार.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ड्युसेलडॉर्फला उर्जाशी बोलले. मी मराठीत, लेक जर्मनमध्ये, नेहमीसारखं. तिचं म्हणणं सरळ – शस्त्रांच्या आम्टला, त्या सरकारी कचेरीला, फोन कर, बाबांचा परवाना थांबव. तिला बोलायला सोपं आहे. एकदा आम्टला कळलं की परवाना कायमचा गेला. पुण्याच्या शाकाहारी घरातला माणूस, पन्नाशीत शिकारीच्या परीक्षेला बसला, पहिल्याच फटक्यात पास झाला. त्या दिवशी किती खूश होते! रान, पहाट, गरम सूप – यांना दुसरं आहे काय आता?

न्यूरोलॉजिस्टचा टर्मिन, भेटीची वेळ, जानेवारीत. त्याआधी नाही म्हणजे नाही.

बंदुकीला मी हात लावायचा नाही, असा कायदा. लपवणार तरी कशी?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

शेवटी उवंला गाठलं. शेजारी, यांचा शिकारीतला जुना दोस्त, तोच गाडी चालवणार. कुंपणापाशी उभं राहून सगळं सांगितलं. म्हणाला, अगं मालिनी, मीही चष्मा शोधत फिरतो. फार झालं तर श्रीरंगला माझ्या शेजारी उभं करीन.

यांच्या पाठीमागे यांचं गाऱ्हाणं करून आले. जेवताना नजरेला नजर देता आली नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

निघाले. बंदुकीचा पासपोर्ट, परवाना, विम्याचा कागद, भगवं जाकीट – सगळं मी दोनदा तपासलं. दारात म्हटलं, "अहो, हाकारा संपल्याचं शिंग वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. काहीही झालं तरी." हाकारा चालू असताना जो जागा सोडतो त्यालाच गोळी लागते, हे यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. मान हलवली, आणि गाल थोपटला. असं कधी करत नाहीत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पोचले. हद्दीवर फक्त कागद बघितले म्हणे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दुपारी उवंचा फोन.

उभं राहायच्या जागा तिथल्या प्रमुखाने चिठ्ठ्या टाकून वाटल्या. उवं एका टोकाला, हे दुसऱ्या. हाकारा सुरू झाला, रानडुकरं निघाली, चहूकडून बार. शिंग वाजल्यावर उवं गेला तर यांच्या जागेवर कुणी नाही! बंदूक झाडाला टेकवलेली, माणूस नाही.

"आम्ही शोधतोय," एवढंच म्हणाला. मग रेंज गेली.

मी काय करायचं? कुणाला फोन करायचा? पोलिश येत नाही. गावाचं नावसुद्धा उच्चारता येत नाही. कुकर लावला. कुणासाठी ते कळेना, बंद केला. उर्जाला फोन केला, ती गाडी काढून इकडे यायला निघाली. तोवर खिडकीत उभी. बारांमध्ये चालत गेले हे. बारांमध्ये!

अंधार पडता पडता उवंचा पुन्हा फोन – सापडले. ओढ्याकाठी बसले होते. खरचटलंसुद्धा नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

संपलेलं नाही. बंदुकीत बोल्टच नाही. तो सरकता लोखंडी दांडा, त्याच्याशिवाय गोळी उडत नाही. पोलिस म्हणतात, शस्त्राचा भाग रानात हरवला, गंभीर गोष्ट आहे. लोक पाला उचकून शोधतायत. यांना विचारलं तर म्हणतात, माहीत नाही. पुन्हा विचारलं तर रडले, उवं म्हणाला.

उवंही रडला. "मी तुझं ऐकायला हवं होतं." आता काय उपयोग.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बंदूक तिथेच ठेवून घेतली, यांना सोडलं. संध्याकाळी आले. उर्जाने दारातच मिठी मारली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, घाबरले होते मी." मला ओरडायचं होतं. बूट काढून दिले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी चहा झाल्यावर यांनी मला हाक मारली. शस्त्रांचं कपाट उघडं. खालच्या कप्प्यात, माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला – बोल्ट.

"मीच काढून ठेवला, जायच्या आधी. माझ्या हातून कुणाला लागलं असतं म्हणजे?"

म्हणजे माहीत होतं. माझ्याही आधी.

"अहो, मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"तिथे आठवेना, मालू."